मांडी लागलेला बैल

माझी सगळी नोकरी बैलांचे खांदे चाचपण्यात गेली. हे वाक्य मी एकदा मुलाच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांसमोर बोललो, तेव्हा बायकोनं आतून भांडं आपटलं होतं. पण खोटं काय बोललो? सरकारी भाषेत मी पशुधन पर्यवेक्षक. लोहारा तालुक्यातल्या एका गावात दोन खोल्यांचा दवाखाना, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, आणि आत मी. खरे डॉक्टर तालुक्याला बसायचे. पण हातात सुई धरणारा प्रत्येक माणूस गावाला डॉक्टरच वाटतो, त्यामुळं मीही डॉक्टर झालो. मला ते आवडायचंही. आता निवृत्त झालोय, कबूल करायला कुणाची भीती!

गाईंची अडलेली बाळंतपणं केली, पोटफुग्या उतरवल्या, लसी टोचताना लाथा खाल्ल्या. पण माझा हातखंडा म्हणाल तर बैलाचा खांदा. ज्यांनी बैल फक्त चित्रात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. जू म्हणजे दोन बैलांच्या मानेवर आडवं बसणारं लाकूड. नांगर असो की गाडी, सगळा जोर त्या वीतभर कातड्यावर येतो. लाकूड घासतं, घाम येतो, घामावर धूळ बसते, त्यावर परत लाकूड घासतं. कातडं आधी तापतं, मग सुजतं, मग सोलून निघतं. याला आमच्याकडं ‘खांदा आला’ म्हणतात. नवी चप्पल चावते किंवा कमरेला नाडा काचतो, तसंच हे. फरक एवढाच की माणूस चप्पल काढून हातात घेतो, बैलाला ती सोय नाही.

यावर पहिला इलाज म्हणजे जू उतरवणं. मग गार पाण्याच्या घड्या, धुणं-पुसणं, मलम. पण विश्रांती म्हटलं की मालकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. “डॉक्टर, तुमी सुई मारा, म्या सकाळी जुपतो,” हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा “न्हाय” म्हणायचो. आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकलो. एका शेतकऱ्यानं एकच बैल तीनदा आणला. मी तीनदा बरा केला, तीनदा खांदा परत आला. चौथ्यांदा चिडून त्याच्या शेतातच गेलो. बघतो तर काय, मोडलेलं जू त्यानं खालून बोल्ट ठोकून सांधलेलं, आणि बोल्टाचं डोकं नेमकं बैलाच्या मानेवर. त्या दिवसापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला दरडावायचो, “बैल मागनं दाखवा, आधी जू आणा!” हे वाक्य माझ्या नावासारखं झालं होतं. पोरं माझ्यामागं तेच ओरडत पळायची.

आणि आपले जुने लोक काही खुळे नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलाला धुऊन, त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतन देतात. वर्षभर ज्या कातड्यानं ओझं ओढलं त्याची ही विचारपूस. आता गावात जोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्यात. ट्रॅक्टरच्या बॉनेटला हळद लावणारेही मी पाहिलेत. त्यांना काय बोलणार? हसलो, आणि घरी आलो.

तर मल्लूअण्णा. वीस एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि पोट सगळ्यांत मोठं. अण्णा एसटीत बसले की शेजारचा माणूस आपण होऊन उभा राहायचा. दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. अण्णा दवाखान्यात आले ते दाराशी घुटमळले, आत कुणी नाही याची खात्री केली आणि खुर्ची पुढं सरकवली तरी बसले नाहीत.

“डॉक्टर, बैलाला मलम पायजे.”

“खांदा आला काय?”

“न्हाय. मांडी.”

मी पेन खाली ठेवलं. “बैलाची मांडी?”

“व्हय. दोन्ही. आतल्या अंगानं. एकीवर एक घासत्यात.”

बैलाच्या मागच्या दोन पायांत ज्वारीचं पोतं उभं मावेल एवढी जागा असते. मी अण्णांकडं नीट पाहिलं. ते पाय फाकून उभे होते आणि कपाळावर घाम होता.

“कुठला बैल? डाव्या अंगाचा का उजव्या?”

“मधला.”

जोडीत मधला बैल मी जन्मात ऐकला नव्हता. पण चेहरा सरळ ठेवला. “वय?”

“सत्तेचाळीस… आपलं, सात.”

“खातोय का?”

“खातोय की! खायला काय झालंय.”

“चालतो कसा?”

“ह्यो असा,” म्हणून अण्णांनी दोन पावलं टाकून दाखवली आणि तिथंच “आई गं” म्हणाले.

मला सगळं कळलं होतं. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर, मेडिकलवाला अण्णांचा सख्खा भाचा. त्या जागेचं दुखणं गडी माणसानं सांगायचं कुणाला? उरलो मी आणि माझा खोडा. मी तिथंच “अण्णा, बसा, खरं सांगा” म्हणायला हवं होतं. पण मला मस्ती आली. मी कपाटातनं तपकिरी बाटली काढली. “हे टिंक्चर आयोडीन. कापसानं लावायचं, सकाळ-संध्याकाळ.”

“झोंबंल का?”

“झोंबंल की. पण बैल सोसतोय.”

मला वाटलं, आता तरी कबूल होतील. मग हसून बाटली परत घेईन, खरं मलम देईन. अण्णांनी बाटली खिशात टाकली आणि निघाले. वळतील म्हणून मी खिडकीतनं बघत राहिलो. वळले नाहीत. तरी मनात म्हटलं, लावणार थोडेच!

दिवेलागणीला गावात आरोळी उठली. कुणी म्हणालं रानडुक्कर शिरलं, कुणी म्हणालं मोटारीचा शॉक बसला. माझ्या हातातला चहा मात्र तसाच राहिला. तो आवाज मी ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची पोरगी आली. अश्विनी, बारावी झालेली, सायकलवर. शेळी घेऊन आलेला माणूस जाईपर्यंत ती लिंबाखाली थांबली, मग आत आली.

“काका, आमच्या बैलाला काल काय दिलात?”

मी वर पाहिलं. मला वाटलं हसत असेल. ती हसत नव्हती.

“रातभर झोपला न्हाय बैल. आज खोलीतनं भायेर याला तयार न्हाय. आन् परवा निघायचंय.”

“कुठं?”

मग तिनं सांगितलं ते असं. ती नऊ वर्षांची असताना तिचा ताप हटेना. तेव्हा अण्णांनी बोलून ठेवलं, पोरगी उठली तर तुळजापूरला अनवाणी चालत येतो. पोरगी उठली. अण्णा मात्र “ह्या साली पाऊस हाय, फुडच्या साली जाऊ” असं करत राहिले, कारण आपल्या मांड्या त्यांना ठाऊक होत्या. आता अश्विनीचा लातूरला फार्मसीला नंबर लागला होता. कोजागिरीनंतर आठवड्याभरात कॉलेजात हजर व्हायचं. आणि तिची आई अडून बसली होती की देवीला दिलेला शब्द पाळल्याबिगर पोरगी परगावी धाडायची नाही. म्हणून अण्णांनी दसऱ्याच्या आधीपासून पहाटेचं चालायची सवय लावायला घेतली, आणि त्यातच मांड्या सोलल्या.

“बैल चालला न्हाय तर म्या घरीच,” ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार घटकांच्या गमतीसाठी मी एका पोरीच्या वाटेत आडवा पडलो होतो. तिनं मात्र बापाची लाज राखायला अजूनही ‘बैल’च म्हटलं होतं.

तडक अण्णांच्या घरी गेलो. अण्णा पंख्याखाली धोतर पसरून पडलेले. मी दार लावलं, पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. “अण्णा, चूक माझी. मला पयल्यापासनं ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं?” अण्णा अर्धे उठले आणि विव्हळत परत पडले. “आन् तरी टिंक्चर दिलात? अवो, डोळ्यांम्होरं साती आसरा नाचून गेल्या माझ्या!”

मी बैलांचा जाणकार, माणसांचा नव्हे. म्हणून तिथनंच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी आधी मला धारेवर धरलं, मग सांगितलं. साध्या पाण्यानं धुवा, चोळू नका, टिपून कोरडं करा. सोललेल्या जागी टिंक्चर नको, पावडरही नको, घामानं तिचे खडे होतात. पेट्रोलियम जेलीचा थर द्या, सैल सुती कापड ठेवा, दोन दिवस चालणं बंद. पू झाला किंवा ताप आला तर मुकाट्यानं दवाखान्यात आणा.

फोन ठेवला तसं अण्णांनी विचारलं, “माझं नाव सांगितलं न्हाय न्हवं?”

“न्हाय. बैल म्हणालो.”

“मग काय म्हणाल्या?”

“बैलाला म्हणावं, फुडच्या वेळी सोता चालत ये.”

अण्णा हसले. हसल्यानं पोट हाललं, पोटानं मांड्या हालल्या, आणि परत “आई गं!” झालं.

मी म्हणालो, “अण्णा, पोळ्याला बैलाचा खांदा का मळता?”

“रीत हाय.”

“रीत कशापायी पडली?”

“कातडं मऊ ऱ्हावं, काच बसू नये म्हणून.”

“मग सोताच्या मांडीनं काय घोडं मारलंय?”

अण्णांना ते पटलं. दोन दिवस ते पडून राहिले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं केलं, आणि कातडीची लाली बरीच उतरली. तिसऱ्या दिवशी पहाटे गावची पंधरावीस माणसं निघाली, त्यात पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या पायजम्यात अण्णा. सोबत त्यांच्या मंडळी, कलावतीवैनी. नवऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. “वाटंत एसटी दिसली की चढून बसत्याल,” म्हणून डोक्यावर गाठोडं घेऊन त्या स्वतः निघाल्या होत्या. मीही रजा टाकली आणि जेलीचा मोठा डबा, कापूस, पाण्याचे कॅन घेऊन मोटारसायकलवर मागं लागलो. माझं पाप होतं, मीच निस्तरायचं होतं.

ठरलं असं की पाच-सहा किलोमीटर झाले की मी हॉर्न वाजवून ओरडायचं, “अण्णा, जू तपासू!” मग अण्णा डबा घेऊन तुरीच्या रानात जायचे आणि जरा हलक्या चालीनं बाहेर यायचे. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं अण्णांचं पोट बिघडलंय. दुसऱ्या दिवशी जळकोटला हायवे लागला, ऊन कडक, डांबर तापलेलं. मी मागनं बघतो तर अर्धी माणसं पाय फाकून चाललेली. लाजेपायी एकही जण तोंड उघडायला तयार नव्हता.

शेवटी एक पोक्त गृहस्थ, कपाळाला मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, माझ्या गाडीजवळ आले आणि कानाशी म्हणाले, “डॉक्टर, माझा बी एक बैल हाय.”

“मांडी का?”

“न्हाय. काख.”

त्यांच्यामागं दुसरा आला. मग तिसरा. दहा मिनिटांत तुरीच्या रानापुढं रांग लागली, सगळ्यांचे बैल आजारी. उभ्या नोकरीत माझ्या दवाखान्यापुढं एवढी गर्दी कधी झाली नव्हती. लसीकरणाला दवंडी देऊनसुद्धा नाही. डब्याचा तळ दिसायला लागला, तेव्हा कलावतीवैनी तोंडाला पदर लावून हसत म्हणाल्या, “ह्या गड्यांपरीस माझी म्हस बरी. दुखलं तर वरडती तरी.”

खरी परीक्षा नळदुर्ग सोडल्यावर झाली. तुळजापूरच्या रस्त्याला लागून तासदीड तास झाला असेल. अण्णा एका पुलाच्या कठड्याला टेकले आणि खाली बसले. पायजम्यावर आतल्या बाजूनं रक्ताचा डाग उमटला होता.

“न्हाय जमत डॉक्टर. मला एसटीत बसवा.”

वैनींच्या डोक्यावरचं गाठोडं खाली आलं. त्या नुसत्या रस्त्याकडं बघत उभ्या राहिल्या. अण्णांच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. एवढा धिप्पाड माणूस, लेकरासारखा रडत म्हणाला, “माझ्या मांड्यांपायी पोरगीचं शिक्षान अडलं, ही काय कुणाला सांगायची गोष्ट हाय का? तिला काय तोंड दावू?”

मला हसू आलं नाही. मी खाली बसलो, ओल्या कापसानं जखम टिपायला पायजम्याचा पाय वर सरकवला, आणि माझ्या बोटाला काहीतरी टोचलं. शिवण होती ती. नवा कोरा टेरीकॉट, चार पदरी जाड शिवण, त्यावर खळ घालून कडक इस्त्री. बोट फिरवलं तर करवतीच्या पात्यासारखी. आणि नेमकी जखमेवर बसलेली.

मला एकदम तो बोल्ट आठवला.

“अण्णा, हा पायजमा कधीचा?”

“नवा हाय. देवीला जायचं म्हणून खास शिवला.”

मी कपाळावर हात मारून घेतला. उभा जन्म ‘आधी जू आणा’ म्हणून जगाला दरडावलं, आणि तीन दिवस या माणसाची मांडी बघत होतो, पायजम्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं! जेली थापत होतो आणि वर करवत चालूच होती. अशी चूक एखाद्या शिकाऊ माणसानं केली असती तर मी त्याला खोड्यात अडकवला असता.

“ह्यो काढा आधी. मऊ सुती काय हाय का? धोतर?”

धोतर घरी राहिलं होतं. मग वैनींनी गाठोडं सोडलं. तळातनं एक जुनेर काढलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं सुती लुगडं. रात्री अंगावर घ्यायला आणलेलं.

“हे नेसा. म्या कासोटा घालून देते. मला बघा, तीन दिवस चालतेय, काय झालंय का? मधी कापड असल्यावर कातड्याला कातडं लागतंच कुठं.”

अण्णा हबकले. “बायकूचं लुगडं नेसून देवीम्होरं जाऊ?”

“मग?” वैनी कडाडल्या. “देवी काय पाटलून घालती? ती बी लुगडंच नेसती की!”

अण्णांनी निमूट जुनेर हातात घेतलं. जखम धुऊन, कोरडी करून, डब्याच्या तळाची जेली लावून अण्णा ऊन उतरेपर्यंत झाडाखाली पाय पसरून पडले. मग तुरीच्या रानाआड वैनींनी स्वतःच्या हातानं घट्ट कासोटा मारून दिला. वरनं सदरा, खाली हिरव्या काठाचं जुनेर, असे अण्णा रस्त्यावर आले. मी दम धरून उभा. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. “आई गं” आलं नाही. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, पण हसायची कुणाची टाप होती! सगळ्यांचेच बैल दुखत होते. संध्याकाळपर्यंत वैनींचं दुसरं जुनेरही फाटून चौघांत वाटलं गेलं.

रात्रभर चांदण्यात थांबत-थांबत सगळे चालले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या पायऱ्या उतरताना अण्णांनी एका हातानं कठडा धरला होता, दुसऱ्या हातानं वैनींचा दंड. दर्शन घेऊन बाहेर आले, माझ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, “डॉक्टर, बैल पोचला.” तोंड फिरवून मी उगीचच गाडीचा पेट्रोल कॉक बघत बसलो. तिसऱ्या दिवशी अश्विनी लातूरच्या गाडीत बसली.

त्यानंतर अण्णांनी मला टिंक्चरवरनं एका शब्दानं टोचलं नाही. फक्त दर खांदमळणीला निरोप यायचा. मी गेलो की बैलांचे खांदे चोळून झाल्यावर तुपाची वाटी माझ्यापुढं सरकवायचे आणि म्हणायचे, “घ्या, मधल्याला.”

आता माझी गोष्ट. निवृत्तीनंतर मला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. मुलानं पुण्याहून चालायचे कपडे पाठवले. चौथ्या दिवशी माझी अवस्था काय झाली ते सांगायला नको. बायकोला सांगितलं असतं तर तिनं तालुकाभर केलं असतं. म्हणून लोहाऱ्याला एका नव्या मेडिकलमध्ये गेलो, ओळखीचं कुणी नसेल या हिशेबानं. आत एक बाई पाठमोऱ्या, खोकी लावत होत्या. दुकानात दुसरी दोन गिऱ्हाइकं. आणि माझ्याच तोंडातनं आलं, “ताई, बैलाला एक मलम पायजे होतं.”

ती वळली. पांढरा कोट, डोळ्यांवर चष्मा. अश्विनी.

“किती वर्षांचा बैल, काका?”

मी इकडंतिकडं पाहिलं. “एकसष्ट.”

तिच्या चेहऱ्यावर रेघ हालली नाही. दोन्ही गिऱ्हाइकं जाईपर्यंत तिनं मला थांबवलं, पेट्रोलियम जेलीची डबी काढून काचेवर ठेवली, आणि मग काउंटरवरनं वाकून खाली माझ्या पायांकडं पाहिलं. नवी कोरी, चकचकीत नायलॉनची पँट, दोन्ही बाजूंनी जाड शिवण.

“आधी जू बदला, काका,” ती म्हणाली. “काकूंचं एखादं जुनेर असंल की घरात.”